रेडिओचा आवाज कमी करा

भादव्याची पुनव जवळ आली, की वर्ध्याच्या विद्यापीठाचा रेडिओ भुलाबाईची जाहिरात लावतो. यंदाही लावली. आधी टिपऱ्या वाजतात, मग कोणीतरी पोरगी हसत हसत सांगते, मावश्यांनो, ताईंनो, फोन लावा, गाणं म्हणा आणि आम्हाला खिरापत ओळखायला द्या. मी दुकानात बसून शेंगदाण्यातले खडे निवडत होते. निवडत राहिले. उठून रेडिओ बंद केला नाही, मोठाही केला नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला साबण दिला.

या दिवसांबद्दल लोक चांगलं काय लिहितात ते मला माहीत नाही. मला भादवा कधी आवडला नाही. पावसाचा जोर सरलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. ऊन असं पडतं की ओल्या जमिनीची वाफ सरळ नाकात जाते. सोयाबीन पिवळं पडून कुबट वास सुटतो. घरोघरी ताप. दुकानात बिस्किटांपेक्षा तापाच्या गोळ्या आणि डासांच्या अगरबत्त्या जास्त खपतात. कपाशीचं एखादं बोंड फुटलेलं दिसतं, तेवढंच काय ते स्वच्छ. पितृपंधरवडा लागला की मेलेल्यांसाठी वडे तळायचे, आणि घरात जिवंत माणूस कण्हत पडलेला असला तरी आधी कावळ्याला घालायचं. याच महिन्यात पार्वती भुलाबाई होऊन माहेरी येते म्हणतात. तिनं दुसरा महिना निवडायला पाहिजे होता.

आमच्याकडे या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मातीची भुलाबाई बसते, शेजारी तिचा नवरा भुलोजी. संध्याकाळी पोरी जमून टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. गाण्यांत सगळं सासरचंच रडगाणं. मग जिच्या घरी गाणी झाली तिची आई झाकलेल्या डब्यात खिरापत आणते, डबा कानाशी खुळखुळ वाजवते, आणि पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मंडप करतात. आता आमच्या गावात, आंजीत, ज्वारी कोणी पेरत नाही, त्यामुळे धांडे नाहीत, आणि पोरी शिकवणीला जातात, त्यामुळे पोरीही नाहीत. उरलं ते रेडिओवर गेलं.

हा रेडिओ विद्यापीठाची पोरंपोरी चालवतात. सोयाबीनवरची अळी, नोकरभरती, रक्तदान, डेंगू, मधूनच एखादं भजन. त्याचा टप्पा लहान आहे. आंजीत तो जेमतेम लागतो. मी तांब्याची तार कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली, तेव्हा नीट ऐकू यायला लागलं. चादर वाळत घातली की आवाज बसतो. काढली की येतो.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी भुलाबाईचा कार्यक्रम पहिल्यांदाच झाला. रोज दुपारी चारला. बोलणारी पोरगी नेहा नावाची होती, गोंदियाकडची. पहिल्याच दिवशी तिनं एका म्हातारीला विचारलं, "आजी, पण भुलाबाई म्हणजे एक्झॅक्टली कोण?" म्हातारी म्हणाली, "तुही सासू." आणि फोन ठेवला. अख्खी आंजी हसली. भिंतीपलीकडून सिंधूही हसली, आणि हसल्यावर बराच वेळ विव्हळली.

सिंधू माझी धाकटी जाऊ. घर एकच होतं, माझे मालक गेल्यावर मधे भिंत घातली. एक अर्धं माझं, त्यात दुकान. दुसरं अर्धं माझा दीर वासुदेव आणि सिंधू यांचं. वासुदेव शाळेत कारकून होता, रिटायर झाला. सिंधूला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता. मोठ्या दवाखान्यानं सगळं पाहून सांगितलं, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला कळलं. तिची खाट खिडकीशी लावली, कारण खोलीत वास राहायचा. खिडकीत तिचा रेडिओ ठेवला आणि माझ्या तारेचा एक फाटा तिकडे नेला.

त्यांना एकच पोरगी, शुभांगी. सिंदी रेल्वे या गावी दिलेली, कापड दुकानवाल्यांच्या घरी. घर भरलेलं होतं, नवरा मारकुटा निघाला. एकदा कान सुजलेला घेऊन आली. वासुदेवनं दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवून दिलं. होळीच्या सुमारास पुन्हा आली, तर त्यानं तिला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. "आता बोलावल्याबिगर आली त माह्या मेल्याचं तोंड पाहशीन," असं दारात उभं राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. तिच्या हातात पिशवी होती, ती खाली ठेवायचीही राहून गेली. मी तिला माझ्या दारानं आत ओढली, जेवू घातलं. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर सासरच्यांनी तिचा फोन काढून घेतला असं कळलं. पुढे काहीच कळलं नाही.

सिंधूचं दुखणं निघाल्यावर वासुदेवनं सिंदीला फोन केला होता. सासरा म्हणाला, आता दुकानाचा सीझन आहे, मग पाठवू. वासुदेवनं सिंधूला तसंच सांगितलं. सिंधूनं भिंतीकडे तोंड केलं.

आणि त्या भादव्यात, पितृपंधरवडा लागून थोडेच दिवस झाले होते, चारच्या कार्यक्रमात नेहा म्हणाली, "नमस्कार, कोण बोलतंय?"

"मी शुभांगी बोलते. सिंदी रेल्वेवरून."

"सासर की माहेर?"

"सासर. माहेर आंजी मोठी."

"अरे वा! कशा आहात ताई?"

"मजेत आहो."

मी वजनाचा काटा तसाच सोडून सिंधूकडे गेले. ती उशीवर कोपर टेकून अर्धी उठली होती. शुभीनं गाणं म्हटलं. लहानपणी होता तोच आवाज, थोडा घोगरा, शेवटी वर चढताना चिरकणारा. सासरचं गाऱ्हाणं असलेलं गाणं तिनं घेतलं नाही. माहेरच्या अंगणाचं घेतलं. मग डबा फोनपाशी वाजवला.

"गोड की तिखट?" नेहानं विचारलं.

"गोड."

"साखरफुटाणे," सिंधू डोळे मिटून म्हणाली. रेडिओवर देवळीची एक बाई गुळपापडी म्हणाली, वर्ध्याची कोणी लाडू म्हणाली. लाडू कुठे वाजतात? शेवटी शुभीनंच सांगितलं. साखरफुटाणे होते. सिंधूच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. पण त्या दिवशी तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं.

दर दोन-तीन दिवसांनी तिचा फोन लागू लागला. वासुदेव इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर जाऊ लागला. पानठेल्यावर लोक म्हणायचे, "काय वासुदेवराव, पोरगी त आर्टिस्ट होऊन राह्यली!" तो म्हणायचा, "सासरचे लोक मोकळे आहे. फोन आहे, सगळं आहे. काई कमी नाई तिले." होळीला त्याच्या दारात उभे राहून ऐकणारेच आता माना डोलवायचे. रेडिओवर बाई मजेत आहे म्हणाली, म्हणजे सरकारी शिक्का बसला. मारहाण झाली असती तर गायली असती का, असं माझ्याच दुकानात एक मास्तरीण म्हणाली. मी तिला हळद मोजून दिली.

मलाही सुरुवातीला बरंच वाटलं. कोणाला वाटणार नाही?

मग एक दिवस तिचा फोन लागला आणि रेडिओतून कर्कश शिट्टी वाजली. ज्यांनी असले कार्यक्रम ऐकले आहेत त्यांना ही शिट्टी माहीत असते. फोन करणारीच्या जवळ तोच रेडिओ मोठ्यानं चालू असला की आवाज फिरून फिरून घुमतो. नेहा म्हणाली, "ताई, रेडिओचा आवाज कमी करा ना, घुमतो आहे." मागे काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज, शिट्टी थांबली, आणि शुभी गायला लागली. गावात ती शिट्टी सगळ्यांनी ऐकली. माझ्या हातातलं माप मात्र थांबलं.

शुभीच्या लग्नात मीच तिला लहान रेडिओ दिला होता. तिच्या पहिल्या संक्रांतीला वाण घेऊन सिंदीला गेले, तेव्हा तो फडताळात पडलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाली, "मोठीआई, इथं नाई लागत तो. खरखरच येते." तिच्या सासऱ्यानं लावूनच दाखवला. म्हणाला, "तुमचं वर्धा इथपर्यंत नाई पोचत बाई. मुंगळे चावल्यावानी वाजते." दारात, गच्चीवर, रेल्वेच्या बाजूला, सगळीकडे धरून पाहिला. मुंगळेच.

मग आता तिच्या मागे रेडिओ वाजतो कसा?

मी वासुदेवला अंगणात गाठलं. तो खाटेच्या दोऱ्या ताणत होता.

"भाऊजी, शुभी सिंदीले नाई."

"काऊन?"

"तिथं हा रेडिओ लागत नाई. आज तिच्यामागं वाजत होता."

त्यानं दोरी सोडली नाही. "वहिनी, आता मोबाईलवर सारे रेडिओ लागते. तुम्ही चवथी शिकल्या, तुम्हाले हे काय समजते? अख्ख्या गावानं आइकलं, पोरगी मजेत आहे मनते. तुम्हालेच काऊन खुपून राह्यलं?"

मोबाईलवर लागतही असेल. मला ते कळत नाही हे खरं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी वर्ध्याला गेले.

विद्यापीठ गावाबाहेर आहे. रेडिओची खोली लहान, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, आत माघासारखी थंडी. नेहा म्हणजे इतकीशी काडी, नाक वाहत होतं. मी कशाला आले ते सांगितलं.

"आजी, कॉलरचा नंबर नाही देता येत. नियम आहे."

"मले नंबर नाई पाह्यजे. तू लाव, मी बोलतो."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मोठीआई."

"म्हणजे?"

"बापाच्या मोठ्या भावाची बायको. तुह्या गोंदियाले काय मनते तिले?"

"बडी माँ."

"मंग तेच समज."

तिनं माझ्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि फोन लावून दिला. पलीकडे भांड्यांचा गोंगाट होता.

"शुभे, मी होय."

भांडी वाजत राहिली. मग ती म्हणाली, "मोठीआई, आई गेली का?"

"नाई. आहे. तू कुठं आहे?"

"सिंदीले."

"शुभे."

तिनं विचारलं, "तू रेडिओच्या खोलीत आहे ना? बाहेर निघ. खिडकी आहे. त्याच्यातून पत्र्याचं धुराडं दिसते, धूर निघून राह्यला, ते. त्याच्याखाली आहो मी."

मी पाहिलं. समोर मैदान, पलीकडे पोरींच्या वसतिगृहाची मेस, तिच्यावर धुराडं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नेहा माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "मेसवाली ताई? मी तर रोज तिच्याच हातच्या पोळ्या खाते, आजी. आवाज ओळखलाच नाही." तिचा दोष नाही. पोळ्या वाढणारीशी कोण बोलत बसतं!

मेसच्या स्वयंपाकघरात भादव्याचं ऊन पत्र्यावरून आणि भट्टीचा जाळ खालून. शुभीच्या दोन्ही हातांवर तव्याचे डाग होते. गळ्यात काही नव्हतं. फळीवर रेडिओ होता, पिठानं पांढरा झालेला. चारला चहाची सुट्टी असते, तेव्हा मुख्य बाई तिला फोन करू देते, असं म्हणाली. पोळ्या लाटता लाटताच सगळं सांगितलं, रडली नाही. आई आजारी असल्याचं सासऱ्याच्या तोंडून कळलं. मी आईला पाहायला जाते म्हणाली, तर नवरा म्हणाला, गेली तर परत यायचं नाही. तशी निघाली. बैलपोळ्याच्या थोडं आधी.

"मंग घरी काऊन नाई आली?"

"वर्ध्याच्या स्टँडवर आंजीची गाडी लागली होती. पाय ठेवला होता मी पायरीवर. बाबाचं बोलणं आठवलं. उतरली."

"चाल माह्यासंग. पाहतो कोण अडवते त."

"तू अडवशीन त्याइले, दोन दिवस. मंग सिंदीले फोन जाईन. ते न्यायले येतीन. बाबा त्याइले चहा पाजतीन अन् मले पाठोतीन." तिनं पोळी उलटली. "आईले सांगजो नको, मोठीआई. तिले वाटू दे मी मजेत आहो. एवढं तरी सुखानं जाऊ दे तिले."

बसमधून येताना दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं. कुठे सोंगणी सुरू झाली होती, बाया वाकून वाकून पुढे सरकत होत्या. त्यांच्याही पदराला मोबाईल, त्यातही कुठे कुठे रेडिओ. मी विचार करत होते की 'मजेत आहो' हे एकच वाक्य इतक्या बायांनी ऐकलं आणि ज्या बाईनं ते म्हटलं ती कुठे उभी राहून बोलते आहे हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. आवाज नुसता असतो. त्याला सुजलेला कान नसतो, हातावर डाग नसतात. म्हणून तर लोकांना तो आवडतो.

घरी आले तर सिंधू जागी होती.

"भेटली का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"बाई, मी पोटानं बिमार आहो, कानानं नाई. सिंदीत रेडिओ नाई लागत, मले माहीत नाई काय? तुमच्याच रेडिओचं गाऱ्हाणं करे ती. पहिल्या दिवशी फोन आला, तवाच बारीक घुमलं होतं तिच्यामागं. कुठं आहे?"

मी सांगितलं.

"जेवते का पोटभर?"

"पोळ्याच करते. जेवतच असन."

वासुदेव बाहेर बादलीत तिची फडकी धूत होता. हे मला सांगितलंच पाहिजे, की ती फडकी तो रोज स्वतःच्या हातानं धुवायचा, दुसऱ्या कोणाला धुऊ द्यायचा नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. तसा असता तर सोपं झालं असतं.

"मंग राहू दे तिले तिथंच," सिंधू हळू म्हणाली. "इथं आणू नका, बाई. इथं आली त सिंदीले जाईन. मले तिचं तोंड पाहाचं आहे, लई पाहाचं आहे. पण तिथं नाई पाठवाचं तिले. अन् मले माहीत आहे हे तिले सांगजा नको. गाणं बंद करन ती."

अशी मी मधे अडकले. इकडे आई मला गप्प राहायला सांगत होती, तिकडे पोरगी. जन्मभर मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलत आले, आणि त्या महिन्यात मला दोन्हीकडे तोंड मिटून बसावं लागलं. दोघींच्या मधे पाच-सहा कोसांचा रस्ता होता, त्यावर दिवसभर बस जात-येत होती. त्या भेटत होत्या ते रोज चारला, हवेतून, आणि दोघीही एकमेकींना फसवत होत्या.

शुभी गात राहिली. नेहानं त्यानंतर तिला कधी विचारलं नाही की कुठून बोलता. रेडिओचा आवाज कमी करा, हेही पुन्हा म्हटलं नाही. शिट्टी वाजली तर वाजू द्यायची. लोक म्हणायचे, विद्यापीठाचं मशीन बिघडलं दिसतं. सिंधूला ती शिट्टी गाण्याइतकीच लागायची. वाजली की म्हणायची, "आहे. तिथंच आहे." खिरापत ती आता पुटपुटूनच ओळखायची. ओठ हलायचे, मी कान लावायचे. चिवडा. फुटाणे. एकदा नुसतीच डाळ होती, कच्ची, मेसमध्ये दुसरं काही हाताशी नसेल. सिंधूनं ती पण ओळखली. खिडकीबाहेर वासुदेव खुर्ची टाकून बसलेला असायचा, पायावर पाय, जाणाऱ्या-येणाऱ्याला खूण करून, ऐका, माझी पोरगी आहे. आत सिंधूचा हात माझ्या हातात, नुसती हाडं.

माझ्या मनात रोज यायचं, की उद्या जाते आणि तिला ओढत आणते, मग काय व्हायचं ते होवो. आणि रोज सिंधू माझ्याकडे असं पाहायची की मी बसून राहायचे. तिनं पक्कं ठरवलं होतं. मरणाऱ्या बाईच्या हातात आणखी काय असतं ठरवायला!

कोजागिरी यायच्या आधीच ती गेली. सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर.

माणसं जमली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या. पोरगी आल्याशिवाय उचलायचं नाही असं सगळे म्हणाले. वासुदेवनं सिंदीला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. अंगणात सगळ्यांनी ऐकलं. सासरा म्हणाला, "ती इथं कुठं आहे? पोळ्याच्या आधीच गेली ती. आम्हाले वाटलं तुमच्याकडंच आहे."

मग ती मास्तरीण म्हणाली, "पण परवा त रेडिओवर..."

वासुदेवनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाले माहीत होतं?"

"सांगतलं होतं मी तुम्हाले. दोऱ्या ताणत होते तुम्ही."

मी मेसवर फोन केला. ती ऑटोनं आली. मनगटाला कणीक वाळलेली होती. अंगणात शिरली तेव्हा बाया बाजूला सरकल्या, पण आधी प्रत्येकीनं तिच्या गळ्याकडे पाहून घेतलं. आईला कुंकू लावायची वेळ आली तर करंडा धरलेली बाई घुटमळली. मंगळसूत्र नसलेल्या पोरीच्या हाती करंडा द्यावा की नाही, हा तिला प्रश्न पडला. मी तिच्या हातातून घेतला आणि शुभीला दिला. म्हटलं, "लाव." तिनं लावलं. मनगटाची वाळलेली कणीक गळून हिरव्या लुगड्यावर पडली. ती कणीक तशीच लुगड्यासोबत गेली, कोणी झटकली नाही.

आंघोळी झाल्यावर संध्याकाळी ती उठली.

"राह्य," मी म्हटलं.

"रातच्या पोळ्या आहे."

ओसरीत वासुदेव बसला होता. तिच्याकडे न पाहता मला म्हणाला, "वहिनी, तेरवीपर्यंत थांब म्हणा तिले."

तीही मलाच म्हणाली, "त्याइले सांग मोठीआई, मले बोलावलं होतं तुनं. त्याइनं नाई." आणि चपला घालून स्टँडकडे गेली.

ती पुन्हा आंजीला आली नाही. रेडिओलाही तिनं फोन केला नाही. त्या वर्षीची कोजागिरी रेडिओवर दुसऱ्याच बायांनी साजरी केली. नेहा शिकून गोंदियाला गेली, तिच्या जागी दुसरी आली, आता तिसरी आहे. वासुदेवला मी भिंतीवरून ताट देते. या दिवसांत चार वाजले की तो अजून खिडकीपाशी खुर्ची टाकतो. काही लोक म्हणतात तो पार बदलला. मला तसं दिसत नाही. तो थकला आहे, आणि त्याला विचारणारं कोणी उरलं नाही, एवढंच.

यंदा जाहिरात लागल्यावर दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला गेले. तशी मी जातेच अधूनमधून. शुभी आता मेसची मुख्य बाई आहे, पण पोळ्या तिच्या हातच्याच लागतात पोरींना. मागच्या दारी पाट टाकते, गरम पोळी देते, मी खाते. आम्ही पाऊस, तेलाचे भाव, माझे गुडघे असलं काहीबाही बोलतो. आईचं नाव तिनं इतक्या वर्षांत काढलं नव्हतं. मीही काढलं नाही.

त्या दिवशी लाटता लाटता म्हणाली, "मोठीआई, एक विचारू?"

"विचार."

"आईले शेवटी समजलं त नव्हतं ना? माहं?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती, पोळीकडे पाहत होती. तिला काय ऐकायचं आहे ते मला कळत होतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी तिनं आईचं तोंड पाहायचं सोडलं होतं. नाही म्हणायला मला काहीच लागलं नसतं. पण सिंधूनं मला तोंड मिटायला सांगितलं होतं ते गाणं चालू राहावं म्हणून, आणि गाणं केव्हाच बंद झालं होतं. शिवाय मी म्हातारी झाले. आज ना उद्या हे माझ्यासोबत जाळलं जाईल, आणि मग ही पोरगी जन्मभर आपल्या खोट्यालाच धरून बसेल.

"माहीत होतं तिले," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, फुटली, वाफ निघाली. मग करपायचा वास आला. तिनं ती उचलली नाही.

"अन् तरी आइकत होती?"

"रोज."

बाहेर पोरी ताटं वाजवायला लागल्या. तिनं करपलेली पोळी बाजूला टाकली, हाताला पीठ लावलं आणि पुढचा गोळा घेतला.